ऋणमोचनची यात्रा : प्यावे काय, द्यावे काय

पौष महिना लागला की वऱ्हाडात कामाची नुसती धांदल असते. कपाशीची वेचणी पुरती आटोपलेली नसते, तूर कापणीला आलेली असते, हरभरा घाट्यावर असतो. अशा गडबडीतही या महिन्याच्या रविवारी पूर्णाकाठची माणसे एक दिवस मोकळा काढतात आणि ऋणमोचनच्या यात्रेला जातात. तुम्ही अजून गेला नसाल, तर येत्या पौषात एखादा रविवार जरूर राखून ठेवा.

ऋणमोचन हे अमरावती जिल्ह्यातील भातकुली तालुक्याचे गाव. पूर्णा नदी सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला, बुलढाणा असा मुलूख ओलांडते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या काठी इथे मुद्गलेश्वराचे देऊळ आहे. इथे स्नान केले की माणूस ऋणातून सुटतो अशी जुनी श्रद्धा आहे, आणि गावाच्या नावातच ती सांगितलेली आहे. कर्ज कशाला म्हणतात हे वऱ्हाडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणून हे नाव ऐकून कोणाचाही पाय इकडे वळला तर नवल नाही.

वाटेने जाताना दोन्ही बाजूंना काळीभोर सपाट जमीन दिसेल. ही जमीन पाहून परमुलखातल्या माणसाला हेवा वाटतो. पण तिच्या पोटातले पाणी खारट आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा खारपाणपट्टा पसरलेला असून त्यात ८०० हून अधिक गावे येतात. विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते पिववत नाही आणि पिकालाही चालत नाही. या भागातल्या बायकांनी गोड्या पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या पायपीट केली. पुढे सातपुड्यातल्या शहानूर धरणाचे पाणी नळाने खाली आले आणि दर्यापूर-अंजनगावकडच्या कित्येक गावांचा भार हलका झाला. ज्या मुलखात जमिनीतले पाणीच खारे, तिथे वाटसरूला गोड्या पाण्याचा तांब्या देणे हा फार मोठा धर्म समजला गेला, तो उगाच नव्हे.

या मुलखाला आणखी एका पिण्याने छळले. ते म्हणजे दारू.

अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव या गावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात एक मुलगा जन्मला. त्याचे नाव डेबूजी. बाप झिंगराजी दारूच्या पायी खंगला, घरची शेती गेली आणि तो अकालीच वारला. मरताना त्याने बायकोला, या पोराला दारूपासून दूर ठेव, असे बजावले होते, असे चरित्रकार सांगतात. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी गेली. ते गाव दापुरा, अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यातले. तिथे डेबूजीने गुरे राखली आणि मामाच्या शेतात राबता राबता तो पट्टीचा शेतकरी झाला. पण मामाला सावकाराने कागदात गुंतवले आणि जमिनीवर घाला आला. एका घरात दारूने केलेले वाटोळे आणि दुसऱ्या घरात कर्जाने केलेले, ही दोन्ही या मुलाने लहान वयातच पाहिली. हाच मुलगा पुढे गाडगेबाबा म्हणून साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाला.

त्यांच्या पहिल्या मुलीच्या बारशाची गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बारसे म्हटले की भाऊबंदांना मटणाचे जेवण आणि दारू दिलीच पाहिजे, अशी तेव्हा जातीची रीत होती. त्यासाठी माणसे कर्ज काढत. डेबूजीने पंगतीला गोडाचे जेवण वाढले आणि दारूचा थेंबही दिला नाही. भाऊबंद रागावले, जातीची रीत मोडली म्हणून कुरकुर झाली. पण जेवण जेवणच राहिले आणि घरावर कर्ज चढले नाही. आज हे साधे वाटते. मात्र भावकीच्या भर पंगतीत उभे राहून नाही म्हणणे किती जड जाते, हे आपल्यापैकी ज्याने केले असेल त्यालाच कळेल.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मातीचे गाडगे. ऋणमोचनच्या यात्रेत तेव्हा काठावर चिखल होई, म्हातारीकोतारी माणसे घसरून पडत. बाबांनी स्वतःच्या हाताने वाट नीट केली, आणि १९०८ साली इथे पूर्णेवर घाट बांधला गेला. यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना, महारोग्यांना जेवू घालण्याची रीतही त्यांनी पाडली. दिवसा गाव झाडायचे, त्या कामाची भाकरी मागून खायची आणि रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम. कीर्तनात ते वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. बोकड मारू नका, दारू पिऊ नका, कर्ज काढून सण-लग्न करू नका, पोरांना शाळेत घाला, हेच ते सांगत.

लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९१७ साली उभी राहिली. मुंबईला जे. जे. रुग्णालयाजवळ १९५४ साली धर्मशाळा झाली. खेड्यातला रोगी मुंबईला गेला तर त्याच्या माणसांनी राहायचे कुठे, या प्रश्नाचे ते उत्तर होते. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांची सोय होते. तुमच्या गावातलेही कोणी तिथे राहून आले असेल. पैसा एवढा जमला, पण बाबांनी तो स्वतःसाठी वापरला नाही.

विलायतेत एक वेगळी चाल आहे. तिथे गावोगावच्या दारूच्या गुत्त्यांतून बियरचे मेळे भरतात आणि त्यातून उरलेला पैसा दवाखान्याला किंवा एखाद्या धर्मादाय संस्थेला देतात. त्यांच्या देशात ते रूढ आहे, लोक हौसेने जातात आणि दानही होते. आपल्याकडे गाडगेबाबांनी वाट उलटी धरली. प्यायचे टाळून वाचलेला पैसा द्या, असे ते सांगत. बापाची शेती दारूत गेलेल्या मुलाला दुसरी वाट पटली नसती.

आता आपला हिशेब करू. रोजचे ५० रुपये कोणी गुत्त्यावर टाकत असेल, तर वर्षाचे होतात १८,२५० रुपये. कपाशीच्या बियाण्याची पिशवी हजार रुपये धरली, तरी १८ पिशव्यांचा हा पैसा. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, अमरावती-अकोल्यात ती नाही. मात्र गावाने मतदान करून गावातले दारूचे दुकान बंद पाडण्याची सोय कायद्यात आहे, आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी मायबहिणीच पुढे होतात. पण कायद्याच्या आधी घरातला हिशेब येतो. तो नवराबायकोने एकत्र बसून मांडला, तर निम्मे काम तिथेच होते.

यात्रेला जाल तेव्हा घरून भाकरी बांधून न्या, किंवा काठावर गोवऱ्या पेटवून रोडगे भाजा आणि वांग्याची भाजी करा. वऱ्हाडच्या यात्रेची खरी गोडी या जेवणातच आहे. शेजारच्या चुलीवरच्या माणसाला एक रोडगा द्या. घाटाच्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसा, आणि येताना आपला कचरा आपणच उचलून आणा. ज्यांनी हा काठ झाडला, त्यांच्या गावाला जाऊन एवढे तरी करायला हवे.

परतीला सवड असेल तर वलगाववरून या. तिथे पेढी नदीच्या काठी २० डिसेंबर १९५६ रोजी बाबांनी देह ठेवला. अमरावतीला गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. पेढीचे पाणीही पुढे पूर्णेलाच मिळते.

नदीत बुडी मारल्याने सोसायटीचे किंवा सावकाराचे कर्ज फिटत नाही, हे आपण सारे जाणतो. पण त्या काठावर बसून माणूस एखादा खर्च कायमचा सोडण्याचे ठरवू शकतो. तेवढे जमले, तर गावाचे नाव खरे झाले असे समजायला हरकत नाही.