वाढत्या मापाची गाडी

जालना जिल्ह्याच्या एखाद्या फाट्यावर दोन तास उभे राहिले, तर दुचाकीचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास डोळ्यांसमोरून सरकत जातो. १ मे १९८१ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा खेड्यात फटफटी म्हणजे एखाद्या बागाइतदाराची राजदूत किंवा मिशनच्या कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या फादरांची येझदी. तिचा आवाज पांदीत घुमला, की मुले शाळा टाकून धावत. १९८५ साल या दृष्टीने विलक्षण ठरले. त्या वर्षी शेजारी वाळूज येथे बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी १०० रस्त्यावर आली आणि त्याच वर्षी यामाहाची आरएक्स १०० देखील. पहिलीने शेतकऱ्याला पेट्रोलचा हिशेब शिकवला, दुसरीने त्याच्या मुलाला वेगाची चव दाखवली. पुढे १९९४ मध्ये स्प्लेंडर आली व २००१ मध्ये पल्सर. मोटारसायकल हे घरातील कर्त्या माणसाचे वाहन न राहता तरुण मुलाचे वाहन झाले, ते आमच्या मते या शेवटच्या टप्प्यावर. दुधाची कॅन, खताची गोणी आणि मागे बसणारी आई यांना पुरेल अशी लांबलचक सीट हळूहळू मागे पडली. तिच्या जागी मागे उंच चढत गेलेली, दोन तुकड्यांची सीट दिसू लागली.

हा इतिहास आठवण्याचे कारण घरगुती आहे. आमच्या धाकट्या बहिणीच्या मुलाला जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत बियाणे प्रक्रियेच्या एका केंद्रात नोकरी लागली. गाव अंबड तालुक्यात. जाणे-येणे रोज पन्नासएक किलोमीटरांचे, त्यात आठवड्याआड रात्रपाळी. मुलाचे वय एकोणीस, लायसन्स नुकतेच हाती पडलेले, आणि अनुभव म्हणाल तर वडिलांच्या जुन्या गाडीवरून घरापासून शेतापर्यंतचा. त्याच्या मनात भरली होती ती दोनशे सीसीची ‘स्पोर्ट’ गाडी. दाजींचा कल मुलाच्या बाजूने होता. बहिणीचा विरोध होता. पण का, हे तिला सांगता येईना. “दादा, तूच ये आणि काय ते ठरव,” एवढाच तिचा निरोप.

आम्ही गेलो. दाजींचे म्हणणे अगदीच अविचाराचे नव्हते. “एकदाच घ्यायची, तर मोठीच घेऊ. आज जड जाईल, पण सहा महिन्यांत हात बसेल. लहान गाडी घेतली, तर दोन वर्षांत विकून पुन्हा मोठी घ्यायला लावील. मग दोनदा खर्च कशाला?”

हे ऐकताना आम्हांला आमच्या लहानपणीचे नाताळचे कपडे आठवले. शिंप्याला आई नेहमी सांगे, “वाढत्या मापाचे शिवा.” बाह्या दोन बोटे लांब, चड्डीला आत भरपूर दुमड, आणि पायांत पुढच्या वर्षी बसतील असे बूट, त्यांच्या टोकांत कापूस कोंबलेला. गरिबीचे हे शहाणपण आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी जपले आहे आणि त्याला आम्ही कधीही हसणार नाही. ढगळ सदरा घालून मिस्साला गेलेल्या मुलाला कोणी हसले, तर त्याची फार तर मान खाली जाते. ढगळ गाडीचे तसे नाही. जे सहा महिने हात बसायला लागणार, ते सहा महिने तो मुलगा कोठे असणार? जालना-अंबड रस्त्यावरच ना?

आकडे तर बोलके आहेत. शंभर सीसीच्या नेहमीच्या गाडीची ताकद सुमारे आठ अश्वशक्ती व वजन ११२ किलोंच्या आसपास. दोनशे सीसीच्या स्पोर्ट गाडीची ताकद चोवीस-पंचवीस अश्वशक्ती व वजन दीडशे ते एकशे साठ किलो. म्हणजे वजन दीडपटीच्या आत वाढले आणि ताकद तिप्पट झाली. या जादा ताकदीचा अर्थ नवख्याला सपाट, मोकळ्या रस्त्यावर कळत नाही. तो कळतो घाबरल्यावर. समोर म्हैस आली, गाडीला हिसका बसला, की नवखा माणूस हँडल घट्ट आवळतो. अंग मागे जाते, मनगट त्याच्यासोबत वळते आणि रेस कमी व्हायच्या ऐवजी वाढते. आठ अश्वशक्तीच्या गाडीवर या चुकीचे फळ म्हणजे एक ओरडा आणि बंद पडलेले इंजिन. चोवीस अश्वशक्तीच्या गाडीवर ती म्हैस, तो मुलगा आणि कदाचित रस्त्याच्या पलीकडचे कोणी.

शिवाय स्पोर्ट गाडीची ठेवणच निराळी. तिच्यावर पुढे वाकून बसावे लागते, शरीराचा भार मनगटांवर येतो. खरी ताकद इंजिन चढ्या फेऱ्यांत गेल्यावर एकदम मिळते; तोवर ती गरीब वाटते आणि मग अचानक उसळते. सराईताला ज्यात मौज वाटते, तेच नवख्याला फसवते.

अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाचा मोटारसायकल अपघातांवरील अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. लॉस एंजेलिस परिसरातील नऊशे अपघातांची जागेवर जाऊन केलेली ती पाहणी होती. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के स्वार स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. त्याहून विचार करायला लावणारी नोंद दुसरी. निम्म्याहून अधिक स्वारांचा त्या विशिष्ट गाडीवरचा अनुभव पाच महिन्यांपेक्षा कमी होता, एरवी ते सरासरी जवळजवळ तीन वर्षे गाडी चालवत असूनही. दाजींचे ‘सहा महिने’ आम्ही या आकड्याशेजारी ठेवले, तेव्हा ते गप्प बसले. देश वेगळा, काळ वेगळा, हे खरेच; पण हात बसायला लागणारा वेळ देशागणिक बदलत असेल, असे आम्हांला वाटत नाही.

युरोपातील देशांनी हा प्रश्न परवान्याच्या पायऱ्या करून सोडवला. तेथे सोळाव्या वर्षापासून मिळू शकणारा पहिला परवाना १२५ सीसी व ११ किलोवॉट, म्हणजे सुमारे पंधरा अश्वशक्तीपर्यंतचाच. त्याहून मोठी गाडी पुढच्या पायरीवर. आपल्याकडे अठरा पूर्ण झाली आणि गिअरच्या गाडीचे लायसन्स मिळाले, की कायदा कोणतीही मोटारसायकल चालवू देतो. पायऱ्या घरच्यांनीच बांधायच्या.

येथे एक गमतीचा प्रसंग सांगितला पाहिजे. भाच्याने मध्येच आपला मोबाईल पुढे केला. त्यात चार जाड चाकांची, उघडी, हँडलची गाडी वाळूचे फवारे उडवत धावत होती. “मामा, चार चाकं असलेली चालेल का? ही तर पडणारच नाही!” अशा गाड्या अलिबागजवळ नागावच्या किनाऱ्यावर पैसे देऊन फिरवायला मिळतात, धर्मग्रामाच्या युवकांच्या सहलीत त्याने ती एकदा चालवलीही होती. ती आपल्या सार्वजनिक रस्त्यासाठी नाही, हा भाग सोडाच; पण चार चाके म्हणजे सुरक्षितता, ही समजूतही खोटी. मोटारसायकल वळणावर आत झुकते, ही झुकत नाही. स्वाराने अंग टाकून तोल सावरला नाही, तर ती उलटते आणि स्वारावरच येऊन पडते. तिची थोरली बहीण तीन चाकांची होती. तिच्यावर इतके अपघात झाले, की अमेरिकेत १९८८ साली सरकार व उत्पादक यांच्यात करार होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली. चारचाकीसाठीही त्याच करारात वयाचे दंडक आले, नव्वद सीसीच्या वरची गाडी सोळा वर्षांखालील मुलांना नको, असे. तेव्हा ‘स्वार केवढा, तेवढेच इंजिन’ हा विचार काही आमच्या म्हातारपणातून उगवलेला नव्हे. भाचा हसला आणि मोबाईल खिशात गेला.

दुसऱ्या दिवशी दाजींच्या एका स्नेह्याची दोनशे सीसीची गाडी मागून आणली आणि जुन्या खळ्यावर भाच्याला सांगितले, “आधी बंद गाडीवर बैस.” दोन्ही टाचा जमिनीला टेकेनात, नुसते चवडे. मग उतरून तिला चढावर मागे ढकलायला सांगितले. निम्म्यावर दम लागला. मग पाय न टेकता, चालण्याच्या गतीने, खळ्याच्या आतल्या आत वळवायची होती. स्पोर्ट गाडीचे हँडल कमी वळते. तीनदा पाय टेकले, चौथ्यांदा गाडी कलंडली ती आम्ही दोघांनी धरली. वेग तर आम्ही पाहिलाच नव्हता. वेगाने सरळ जाणे कोणालाही जमते. गाडी कोणाच्या मापाची आहे, हे ती हळू चालवताना, ढकलताना आणि थांबवताना कळते. तोच खेळ सव्वाशे सीसीच्या गाडीवर केला, तेव्हा टाचा टेकल्या आणि दुसऱ्या खेपेस वळणही जमले.

ब्रेकची परीक्षा निराळी घेतली. आपल्याकडे पुष्कळांना मोठ्यांनी शिकवलेले असते, की पुढचा ब्रेक दाबू नये, माणूस डोक्यावरून जातो. वास्तविक थांबताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. तो झटक्याने न आवळता हळूहळू पिळायचा असतो. मात्र खडीवर आणि ओल्या काळ्या मातीवर जपून. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे चाक जागीच जाम होऊ न देणारी व्यवस्था, सक्तीची झाली आणि त्याखालच्या गाड्यांना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची. हा मोठ्या गाडीच्या बाजूचा खरा मुद्दा आहे आणि भाच्याने तो बरोबर मांडला. आम्ही तो मान्यही केला. पण वेग दुप्पट झाला, की थांबायला लागणारे अंतर चौपट होते. ते अंतर कोणतीही व्यवस्था परत देत नाही.

एवढे होऊनही निर्णय झाला नव्हता. तो झाला संध्याकाळी, आणि त्यात आमचा वाटा थोडाच होता. तो २ नोव्हेंबर, मृतांच्या स्मरणाचा दिवस होता. दफनभूमीत फादरांनी कबरींवर पवित्र पाणी शिंपडले, मेणबत्त्या लागल्या. बहिणीने आमच्या आईवडिलांच्या कबरींवर फुले वाहिली आणि मग काही न बोलता कडेच्या रांगेत गेली. तेथे शेजारच्या घरातील मुलाचा क्रूस आहे. उसाच्या हंगामातली रात्र, दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही आणि महिन्याभरापूर्वी घेतलेली नवी गाडी. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो खरा, पण तेथे दुचाकीला मज्जाव आहे. आपल्या मुलांच्या वाट्याला ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि मालमोटारी यांनी भरलेले जुने रस्तेच आहेत. त्या मुलाची आई तेथे बसली होती. बहिणीने तिच्याशेजारी एक मेणबत्ती लावली. भाचा दूर उभा राहून पाहत होता. जे कारण तिला आठ दिवस सांगता येत नव्हते, ते त्याला तेथे दिसले असावे. घरी येताना तो एवढेच म्हणाला, “मामा, सव्वाशेचीच बघू. पण काळी पाहिजे.”

शोरूममधील विक्रेत्याने आपले कर्तव्य चोख बजावले. मोठ्या गाडीचा हप्ता महिन्याला फक्त एवढाच जास्त पडतो, हे त्याने कागदावर लिहून, त्याभोवती गोल काढून दाखवले. ‘फक्त’ या शब्दावर किती घरांनी सह्या केल्या असतील, कोण जाणे. दाजींनी तो कागद घडी करून परत दिला. किमतीत जो फरक उरला, त्यातून आयएसआय शिक्क्याची दोन हेल्मेटे, हातमोजे आणि घोट्यावर चढणारे बूट घेतले. दुसरे हेल्मेट कोणासाठी, यावरून बराच वाद झाला. मागे बसणाऱ्यालाही ते कायद्याने लागते, हे बहिणीला पटवताना आमच्या नाकी नऊ आले. डोक्यावरचा पदर आत राहील की बाहेर, हा तिचा प्रश्न कायद्यात कोठेही सोडवलेला नाही.

पहिले दोन महिने मागे कोणालाही बसवायचे नाही आणि रात्रपाळीला बसने जायचे, एवढी अट दाजींनी स्वतःहून घातली. ती भाच्याने पाळली. बसस्थानकावर मित्र चेष्टा करीत. एकाने तर ‘सायकल बरी होती की’ असेही म्हटले. तो एकदा रुसून गाडीला तीन दिवस हात न लावता बसला होता, असे बहीण सांगते. पुढे जूनचा पहिला पाऊस पडला आणि शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी डांबरावर काळी माती आणून टाकली, तेव्हा त्याची गाडी एका वळणावर घसरली. टाचा टेकल्या आणि तो उभा राहिला. ही हकीकत त्याने आम्हांला फोनवर एखाद्या पराक्रमासारखी सांगितली.

दोन महिने संपल्यानंतरच्या रविवारी मिस्साला जाण्यासाठी आई प्रथमच त्याच्या मागे बसणार होती. फादरांनी गाडीवर पवित्र पाणी आधीच शिंपडले होते, दाजींनी टायरमधली हवा पाहिली होती. बहिणीने पदर खोचला, हेल्मेटचा पट्टा दोनदा ओढून पाहिला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, “अरे, पण मी धरायचं कुठे?” भाच्याने सीटमागची लोखंडी दांडी दाखवली.