आण्णांचं मनगट आणि पायलटचं घड्याळ



पाचवीला 'वर्तुळ' शिकवताना आपण बांगडी नेतो, ताटली नेतो, बाटलीचं झाकण नेतो. या वर्षी मी वर्गात घड्याळ नेलं. ते का न्यावंसं वाटलं, त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. आधी चूक सांगते, मग कृती.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, एस.टी.त ड्रायव्हर होते. नोकरी कायम झाल्यावर त्यांनी एचएमटीचं 'पायलट' हे घड्याळ घेतलं. काळी डायल, त्यावर ठळक पांढरे आकडे, आणि रोज सकाळी अंघोळ झाली की चावी द्यायची. लहानपणी मला वाटायचं, विमान चालवणाऱ्याला पायलट म्हणतात तसं एस.टी. चालवणाऱ्यालाही म्हणत असतील, म्हणून आण्णांना ते मिळालंय. दोन वर्षांपूर्वी ते बंद पडलं. तालुक्याच्या घड्याळवाल्याने पार्ट नाही म्हणून परत दिलं. तसंही एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय सरकारने २०१६ सालीच घेतलाय, त्यामुळे जुन्या घड्याळातून पार्ट काढून मिळाला तर मिळाला. आण्णा मात्र बंद घड्याळच हातात घालत राहिले. सवय.

दिवाळीच्या आधी फरकाची रक्कम जमा झाली. मी ठरवलं, आण्णांना नवीन पायलट घड्याळच घ्यायचं. मोबाईलवर शोधलं. काळी डायल, मोठे आकडे, बाराच्या जागी त्रिकोण, तपकिरी चामडी पट्टा. फोटोतल्या माणसाच्या हातावर इतकं शोभत होतं की मी लगेच ऑर्डर केलं. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ४५ मि.मी. मी वाचलंही. पण ४५ मि.मी. म्हणजे आण्णांच्या हातावर केवढं, हा विचार डोक्यात आला नाही. रोज 'एकक लिहा, अंदाज करा, मग मोजा' म्हणून मुलांच्या मागे लागणारी मी!

पाडव्याला आण्णांनी घड्याळ घातलं. "झ्याक हाय," म्हणाले. दोन दिवस बघत होते, ते सारखं मनगटावरून फिरून खालच्या बाजूला जायचं आणि ते परत वर आणायचे. जेवताना तर कोपरापर्यंत सरकवून ठेवायचे. घड्याळाची चावी मोठी, कांद्यासारखी, ती हाताच्या पाठीला टोचायची. भाऊबीजेला पाहिलं तर पट्ट्याखाली रुमालाची घडी घातलेली. मला वाईटही वाटलं आणि रागही आला. म्हटलं, "आण्णा, आवडलं नसेल तर तसं सांगा की."

"घड्याळ चांगलं हाय गं. हातच बारीक पडतोय."

हे ते हसत म्हणाले. मी पण हसले. मग आईच्या शिवणकामाच्या पेटीतला टेप काढला आणि त्यांचं मनगट मोजलं. बरोबर १५ सें.मी. भरलं. मोठ्या स्टिअरिंगची गाडी आयुष्यभर ओढलेला हात, मला तो कायम जाडजूडच आठवत होता.

सकाळी त्यांचं जुनं घड्याळ हातात घेतलं. त्याच्या पट्ट्याकडे मी इतकी वर्षं कधी नीट बघितलंच नव्हतं. तिसऱ्या भोकावर बक्कलचा खोल, काळा वळ होता. तिथे ते वर्षानुवर्षं लागत असणार. पाचव्या भोकावर जरा कमी वळ. आणि त्याच्या पुढे पट्ट्याची भोकं संपल्यावर खिळ्याने पाडलेली दोन नवीन भोकं, ओबडधोबड. आईला विचारलं, ही कधी पाडली? आई म्हणाली, "एक गणपतीच्या आधी, एक आता दसऱ्याला."

पट्ट्यावर सगळं लिहिलेलंच होतं की! पँट सैल होते, सदरा सैल होतो, पण त्याकडे 'वय झालं' म्हणून आपण दुर्लक्ष करतो. चार महिन्यांत दोन भोकं हे वय नव्हे. मी शाळेच्या गावी राहते, दोन-तीन आठवड्यांनी घरी जाते. जी मुलं रोज समोर असतात त्यांची उंची-वजनं मी नोंदवहीत न चुकता भरते. त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. साखर भरपूर वाढलेली निघाली. तहान लागते, रात्री सारखं उठावं लागतं, हे आण्णांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या, पथ्य सुरू झालं. चहातली साखर बंद झाल्यावर आठवडाभर त्यांनी माझ्याशी धड बोलणं सोडलं, ते वेगळं.

आता घड्याळाकडे वळू. सुट्टीत मी या विषयावर बरंच वाचलं. पायलटचं घड्याळ मोठंच असतं, असं मला वाटत होतं. दुकानदारही तसंच सांगतात. पण ते खरं नाही. ब्राझीलचा विमानवीर सांतोस-ड्युमाँ पॅरिसमध्ये उडत असे. उडताना खिशातलं घड्याळ काढायला हात मोकळा नसतो, म्हणून लुई कार्तिए यांनी १९०४ साली त्याच्यासाठी मनगटी घड्याळ केलं. ते लहानसं, चौकोनी होतं. ब्रिटिश हवाई दलात दुसऱ्या महायुद्धानंतर आलेलं 'मार्क ११' फक्त ३६ मि.मी.चं. आपलं एचएमटी 'पायलट' साधारण ३५ मि.मी.चं.

मग मोठं कुठून आलं? जर्मनीतून. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलासाठी पाच कंपन्यांनी घड्याळं केली, त्यांची डायल ५५ मि.मी. होती. ही मुख्यतः विमानाची दिशा आणि जागा काढणाऱ्या अधिकाऱ्यासाठी. अंधारात एका नजरेत आकडे दिसले पाहिजेत म्हणून मोठी डायल, हातमोजे घालून फिरवता यावी म्हणून मोठी चावी. आणि मुख्य म्हणजे ती घड्याळं उघड्या मनगटावर बांधायचीच नव्हती. जाड कोटाच्या बाहीवरून बांधायची, म्हणून पट्टाही लांबलचक. आपण बाही काढून टाकली आणि घड्याळ तेवढं ठेवलं! आज त्याच नमुन्यावर ४० ते ४६ मि.मी.ची घड्याळं मिळतात, मी घेतलेलं त्यातलंच.

५५ मि.मी. म्हणजे केवढं, हे मुलींना चटकन कळलं. कासाराकडे आपण 'दोन-चार'ची बांगडी मागतो, म्हणजे दोन इंच आणि चार आणे, सव्वादोन इंच. तिचा आतला व्यास सुमारे ५७ मि.मी. जर्मन घड्याळाची डायल त्या बांगडीत जेमतेम बसली असती.

दिवाळीनंतर वर्गात केलेली कृती अशी. साहित्य फार लागत नाही: दोरा, मोजपट्टी, दोन गुण्या, जुन्या वह्यांचे पुठ्ठे. प्रत्येकाने आधी शेजाऱ्याच्या मनगटाचा अंदाज लिहायचा, मग दोरा गुंडाळून मोजायचं. अंदाज बहुतेकांचे चुकले, आणि सगळे जास्तीच्याच बाजूला चुकले. नंतर हात टेबलावर पालथा ठेवून दोन्ही बाजूंना गुण्या टेकवायच्या आणि मधलं अंतर मोजायचं. इथे गंमत झाली. परीघ हा व्यासाच्या तिपटीहून थोडा जास्त असतो, हे आम्ही बांगडीवर करून पाहिलेलं. त्या हिशोबाने १३ सें.मी. मनगटाची रुंदी ४१ मि.मी.च्या आसपास यायला हवी. आली ४६. मुलं परत परत मोजतायत, दोऱ्याला दोष देतायत. शेवटी मागच्या बाकावरचा एक जण, जो एरवी गणिताच्या तासाला खिडकीतून बाहेर बघतो, म्हणाला, "मॅडम, हात गोल नाहीच. चपटा आहे." त्या दिवशीचा तास तिथेच सार्थकी लागला. पुस्तकातलं वर्तुळ आणि अंगावरचं मनगट यातला फरक मला शिकवायचा नव्हता, तो त्याने शिकवला.

आण्णांचंही तसंच. १५ सें.मी. घेर, रुंदी मात्र ५३ मि.मी. पण ही पूर्ण रुंदी घड्याळाला मिळत नाही, कारण कडेला मनगट उतरतं. वरचा सपाट भाग मी मोजला तो जेमतेम ४५. आणि घड्याळ नुसत्या डायलएवढं नसतं. पट्टा अडकवायची टोकं वर-खाली बाहेर येतात. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत नवीन घड्याळ ५४ मि.मी. भरलं. म्हणजे आण्णांच्या मनगटाच्याही बाहेर. ते फिरणार नाही तर काय करणार! दुकानात सगळे डायलचा आकडा विचारतात. माझं मत आता पक्कं झालंय, आधी हा टोकापासून टोकाचा आकडा विचारावा. तो मनगटाच्या सपाट भागात बसला पाहिजे. टोकं खाली वळलेली असतील तर मोठी डायलही बसते, सरळ असतील तर लहान डायलही बाहेर येते.

आणखी एक गोष्ट पुठ्ठ्याच्या चकत्या कापताना लक्षात आली. ४० मि.मी.च्या दोन चकत्या घेतल्या. एकीवर कडेला रुंद पट्टी रंगवली, दुसरी कडेपर्यंत काळी ठेवली. हातावर ठेवल्यावर काळी मोठी दिसते. पायलट घड्याळांची कडा बारीक असते, जवळजवळ सगळी डायलच. त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या ४० मि.मी.त शोभणाऱ्याने पायलट घेताना एखाद-दोन मि.मी. कमीच घ्यावं. आणि मोबाईल जवळ धरून काढलेल्या फोटोवर भरवसा ठेवू नये, त्यात घड्याळ फुगलेलं दिसतं. पुठ्ठ्याची चकती हातावर चिकटवून आरशासमोर दोन पावलं मागे उभं राहावं. खर्च शून्य.

दुकानाची परत घ्यायची मुदत तोपर्यंत संपली होती, ती माझीच दिरंगाई. ते ४५ मि.मी.चं घड्याळ आता माझे मिस्टर वापरतात. त्यांचं मनगट साडेअठरा सें.मी. आहे, त्यांना बसतं. थंडीत पहाटे मोटारसायकलवरून जाताना ते स्वेटरच्या बाहीवरून बांधतात. मी त्यांना जर्मनांची गोष्ट सांगितल्यापासून तर मुद्दामच.

आण्णांसाठी ३६ मि.मी.चं बघून ठेवलं होतं, पण त्यांनी नको म्हटलं. जिल्ह्याच्या ठिकाणी एक वयस्कर घड्याळजी भेटले. त्यांच्याकडे तशाच एका बंद एचएमटीमधला पार्ट निघाला. टोकापासून टोकापर्यंत ते चार सें.मी.च्या थोडंसंच वर आहे, आण्णांच्या हातावर मधोमध बसतं. पट्टा तेवढा नवीन घातला, १८ मि.मी.चा. जुना पट्टा मी मागून घेतला. तो आता वर्गातल्या गणित पेटीत आहे.

नवीन पट्टा सुरुवातीला सगळ्यात शेवटच्या भोकावर लागत होता. मागच्या रविवारी आण्णांचा फोन आला. साखरेचा रिपोर्ट सांगितला, मग म्हणाले, "आणि पट्टा एक भोक सरकला."

मी घाबरूनच विचारलं, "कुठल्या बाजूला?"

"बाहेरच्या," म्हणाले.