बिस्मिल्लाहनंतर काय?

मोस डेफ या ब्रुकलिनच्या रॅपरचा पहिला एकट्याचा अल्बम 'ब्लॅक ऑन बोथ साइड्स' ऑक्टोबर 1999 मध्ये आला. त्याआधीच्या वर्षी तालिब क्वेलीसोबत 'ब्लॅक स्टार' या जोडीचा अल्बम करून त्याने नाव कमावलं होतं. आता मात्र तो स्वतःच्या नावावर उभा होता. अशा वेळी कुणी आपली ताकद मिरवतो, कुणी प्रतिस्पर्ध्याला ललकारतो. हा पठ्ठ्या पहिल्याच गाण्याच्या सुरुवातीला 'बिस्मिल्लाह' म्हणतो आणि शांतपणे बोलायला लागतो.

त्याचे वडील नेशन ऑफ इस्लाममध्ये होते, पुढे ते इमाम वारिस दीन मोहम्मद यांच्या वाटेने गेले. मुलाने विशीच्या आत शहादा घेतला. म्हणजे ही बिस्मिल्लाह शोभेची नव्हती. पण मला महत्त्वाचं वाटतं ते तिच्या पुढे काय येतं.

पुढे धर्माचं प्रवचन येत नाही. पहिल्या गाण्यात तो सांगतो की हिपहॉपचं काय होणार असं लोक विचारतात, पण हिपहॉप म्हणजे कुणी डोंगरात राहणारा राक्षस नाही. ती आपणच माणसं आहोत. आपलं जे होईल तेच त्याचं होईल. मग 17 गाण्यांत तो आपल्या जगाचा हिशेब मांडतो. 'न्यू वर्ल्ड वॉटर' हे आख्खं गाणं पाण्यावर आहे: कुणाला ते मिळतं, कोण नासवतं, कोण विकतं. डीजे प्रीमियरने संगीत दिलेल्या 'मॅथेमॅटिक्स'मध्ये आकड्यांमागून आकडे येतात. मजुरी, गरिबी, तुरुंग, सगळं गणितात. 'रॉक एन रोल'मध्ये काळ्यांचं संगीत गोऱ्यांच्या नावावर कसं जमा झालं ते येतं. क्यू-टिपसोबतच्या गाण्यात पैसा आला तरी काळ्या माणसाकडे बघणारी संशयी नजर बदलत नाही, हे येतं. आणि 'उमी सेज'मध्ये आई येते. 'उम्मी' म्हणजे अरबीत माझी आई. आपल्या 'अम्मी'ला हा शब्द परका वाटणार नाही.

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला हा अल्बम जवळचा वाटतो तो इथे. आपल्याकडून लेख मागितला जातो तो ईदला, तलाकवर किंवा दंगल झाली की. दुष्काळावर, एसटीवर, ऊसदरावर लिहायला कुणी बोलवत नाही. जणू आपल्या घरी नळ नाही, शेत नाही, वीजबिल येत नाही! मग काहींना वाटतं, आपलं मुसलमानपण बाजूला ठेवलं तरच 'सर्वांचा' लेखक होता येईल. काहींना उलट वाटतं, की फक्त त्याच्याविषयीच बोलत राहावं. मोस डेफ या दोन्ही वाटा सोडतो. तो श्रद्धा लपवत नाही आणि तिला विषयही करत नाही. ती त्याची सुरुवात आहे. विषय पाण्याचा आहे.

आपल्या शाहिरीतही आधी गण होतो, मग पोवाडा. गणात देवाचं नाव घेतलं म्हणून पुढचा पोवाडा काही आरती होत नाही. अमर शेख संयुक्त महाराष्ट्रासाठी डफ घेऊन उभे राहिले, तेव्हा ते सगळ्या महाराष्ट्राचं गात होते.

आपल्यातले काही म्हणतील, बिस्मिल्लाह म्हणून पुढे संगीत आणि मधूनमधून शिव्या, हे कसं चालेल? आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. संगीताबद्दल आलिमांमध्ये मतभेद आहेत आणि ते मी मिटवणार नाही. पण एक नक्की: काम सुरू करताना जो अल्लाहचं नाव घेतो, त्याच्यावर त्या कामात खरं बोलण्याची जबाबदारी येते. या अल्बममध्ये ती जबाबदारी ऐकू येते. तो श्रीमंतांवर बोलतो, सरकारवर बोलतो आणि आपल्या मोहल्ल्यालाही सोडत नाही.

पुढे 2011 मध्ये त्याने यासीन बे हे नाव जाहीर केलं. 2013 मध्ये ग्वांतानामोच्या उपोषण करणाऱ्या कैद्यांना नाकातून नळी घालून जबरदस्तीने कसं भरवतात, ते दाखवायला त्याने तोच प्रकार कॅमेऱ्यासमोर स्वतःवर करून घेतला. वेदना असह्य होऊन तो थांबवायला लावतो, तेही त्या चित्रफितीत आहे.

अल्बमच्या शेवटच्या तुकड्यात शब्दच नाहीत, नुसती वाद्यं आहेत. सांगायचं ते सांगून झालेलं असतं. पाण्याबद्दल आपल्यालाही सांगण्यासारखं खूप आहे. बिस्मिल्लाह म्हणावी आणि लिहायला बसावं.