एका गुणाचे मोल

मराठवाड्यातील माणसाला 'हंगाम' या शब्दाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. मृग लागला की खरिपाची पेरणी, दिवाळीच्या आगेमागे रब्बीची ज्वारी आणि हरभरा, आणि त्यानंतर चार महिने रोज सकाळी बांधावर उभे राहून पिकाकडे पाहणे. एक पाऊस हुकला म्हणून शेतकरी सारे संपले असे म्हणत नाही, आणि एक पाऊस साधला म्हणून गुढीही उभारीत नाही. हंगाम म्हणजे निकाल लागण्यापूर्वीचा काळ. आपल्या आयुष्याचा बहुतेक भाग याच काळात जातो. पण आपण मोजतो ते मात्र निकालाचे दिवस.

खेळाच्या जगात आमच्याकडे हा शब्द फार उशिरा आला. आम्हांला ठाऊक होती ती एका दिवसाची झुंज. लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांचा फड लागतो. पाठ टेकली की पैलवान धूळ झटकून गर्दीत मिसळतो. गावोगावच्या कबड्डी स्पर्धाही बाद पद्धतीच्याच. हरलेला संघ त्याच रात्री टेम्पोत बसून गावी परततो. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हा ज्या खेळाला आमची पिढी हुतूतू म्हणत होती, त्याला प्रथमच दूरचित्रवाणीवरचा, कित्येक आठवडे चालणारा हंगाम मिळाला. या लीगमध्ये महाराष्ट्राचे संघ दोन, पुणेरी पलटण आणि यू मुंबा. मराठवाड्याचा संघ नाही. त्यामुळे आपले मन कोणत्या संघाच्या पारड्यात टाकावे, हा प्रश्न नांदेडच्या आमच्या घरात खराच उभा राहिला.

आमच्या वडिलांचा, ज्यांना आम्ही सारे बाबा म्हणतो, त्यांचा निर्णय क्षणात झाला. त्यांचा जन्म निजामाच्या राजवटीतला. नांदेड तेव्हा हैदराबाद संस्थानात होते, आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतरही काही वर्षे आमची राजधानी हैदराबादच होती. मोठे दवाखाने, मोठी खरेदी, नात्यातील लग्ने यांसाठी आजही नांदेडचा माणूस हैदराबादची गाडी धरतो. तेव्हा बाबांचा संघ तेलुगू टायटन्स. माझ्या धाकट्या भावाच्या मुलाने मात्र पुणेरी पलटण निवडली. तो स्वतः शाळेच्या संघात डावा कोपरा सांभाळीत असे, आणि पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार हा श्रीरामपूरजवळच्या टाकळीभानसारख्या खेड्यातून आलेला, एवढे कारण त्याला पुरेसे होते.

दहावा हंगाम २ डिसेंबर २०२३ रोजी अहमदाबादला सुरू झाला. दुसऱ्याच दिवशी आगमनकाळाचा पहिला रविवार होता. पण त्या वेळी आमचा हा पुतण्या नांदेडात नव्हता. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत पहिल्या प्रयत्नात यश न आल्याने तो पुन्हा एक वर्ष तयारी करण्यासाठी लातूरला राहत होता. लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने एस.टी.ने जावे तर तीन तासांहून अधिक वेळ लागतो, परंतु खरे अंतर त्याहून मोठे होते. वसतिगृहात दूरदर्शन संच नाही. मोबाईल फक्त रविवारी संध्याकाळी अर्धा तास हाती मिळे. त्यामुळे बाबांनी एक काम अंगावर घेतले. शंभर पानी वही आणली, पेन्सिलीने बारा संघांचा तक्ता आखला, आणि रोज रात्रीचे सामने पाहून गुण मांडू लागले. रविवारी फोन लागला की अभ्यासाची चौकशी नाही, जेवणाची नाही. बाबा थेट तक्ता वाचायला आरंभ करीत.

तक्त्याचे गणित सांगितले पाहिजे, कारण या लेखाचा सारा भार त्यावर आहे. त्या हंगामात प्रत्येक संघाला बावीस सामने होते. विजयाला पाच गुण, बरोबरीला प्रत्येकी तीन. आणि पराभव सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने झाला, तर हरलेल्या संघालाही एक गुण. शेवटच्या मिनिटापर्यंत लढलात, तर तुमचा पराभव शून्य ठरत नाही, असे जणू हा नियम सांगत होता.

याच्या नेमके उलट गणित लातूरला चालू होते. लातूरचे शैक्षणिक नाव ऐकून महाराष्ट्रभरचे पालक मुलांना तेथे पाठवितात. 'लातूर पॅटर्न'ने असंख्य शेतकरी व मजूर कुटुंबांतील मुलांना डॉक्टर केले, हे ऋण कुणी नाकारू नये. पण ज्या परीक्षेसाठी ही मुले झटतात तिचा हिशेब कठोर आहे. एकूण गुण सातशेवीस. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक वजा. कबड्डीत थोडक्यात हुकले तर एक मिळतो, येथे थोडक्यात हुकले तर एक जातो. आणि बावीस सामने नाहीत, मे महिन्यातील एकच रविवार. शिवाय पुतण्या जेथे शिकत होता तेथे दर आठवड्याला सराव चाचणी होई आणि तिची यादी भिंतीवर लागे. पहिल्या क्रमांकापासून शेवटच्यापर्यंत, सर्वांच्या नावांनिशी. यादीच्या खालच्या टोकाला आपले नाव शोधणाऱ्या सतराअठरा वर्षांच्या मुलाच्या मनात काय होत असेल, याचा विचार ती चिकटवणाऱ्याने केला होता की नाही, कोण जाणे.

जानेवारीतल्या एका रविवारी फोनवर पुतण्या म्हणाला, "आजोबा, तक्ता राहू द्या. मला घरी यायचंय. माझ्यानं होत नाही." एवढेच बोलून तो गप्प झाला. माझ्या भावाचा चेहरा उतरला. वहिनी पदराने डोळे टिपू लागल्या. त्या दिवसांत लातूरसारख्या ठिकाणच्या मुलांविषयीच्या बातम्या आम्हीही वाचत होतो. प्रत्येक आईबापाच्या मनात जी भीती असते, ती आमच्या घरात त्या क्षणी येऊन उभी राहिली.

बाबा शांत होते. ते म्हणाले, "यायचं तर ये लेकरा, घर तुझंच आहे. उद्याची पहिली गाडी धर, कुणी तुला काही विचारणार नाही. पण आधी माझ्या टायटन्सचं ऐक. साऱ्या लीगमधला सर्वांत महागडा खेळाडू आमच्याकडे, आणि आम्ही तळाला. तरी रोज सात जण मैदानात उतरतात. हरतात, पण हरलेल्या सामन्यांतूनही एकेक गुण वेचून आणतात. मी ते गुण वहीत लिहितो. तुझी ती भिंतीवरची यादी हे गुण लिहीत नसेल, तर ती अपुरी आहे. तू अपुरा नाहीस."

मग त्यांनी पुतण्याला त्याच्याच खेळातली एक गोष्ट विचारली: बाद झालेला खेळाडू परत कसा येतो? उत्तर त्याला पाठ होते. बाद झालेला स्वतःच्या बळावर परत येऊ शकत नाही. तो बाहेर बाकावर बसतो. आत उरलेल्या साथीदारांपैकी कुणी चढाईत गडी टिपला, किंवा कुणी पकड साधली, की मिळालेल्या प्रत्येक गुणामागे बाहेरचा एक जण आत येतो, आणि जो आधी बाद झाला तो आधी. बोनसच्या गुणाने धावफलक वाढतो, पण बाहेरचा साथी आत येत नाही. त्यासाठी कुणीतरी प्रतिस्पर्ध्याला प्रत्यक्ष भिडावे लागते. सगळेच बाद झाले तर लोण चढतो, समोरच्याला दोन गुण जादा मिळतात. पण मग सातही जण पुन्हा उभे राहतात. "तू आता बाकावर आहेस," बाबा म्हणाले, "आत आम्ही आहोत. थोडा वेळ बस."

पुतण्या दुसऱ्या दिवशी आला. चार दिवस राहिला, बाबांशेजारी बसून रात्रीचे सामने पाहिले, बाजरीची भाकरी खाल्ली, आणि पाचव्या दिवशी स्वतःहून लातूरच्या गाडीत बसला. कुणी उपदेश केला नाही. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना धावपटूच्या शिस्तीचा दाखला दिला आहे, तो आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकतो. परंतु धावपटू थकून वाटेत बसला तर त्याच्या घरच्यांनी काय करावे, हे त्या चार दिवसांत मी बाबांकडून शिकलो.

इकडे पलटणचा हंगाम फुलत गेला. बावीस सामन्यांत सतरा विजय, तीन बरोबरी, दोनच पराभव. शहाण्णव गुणांनी पहिले स्थान. गणिताची आवड असलेल्या वाचकांनी बेरीज करून पाहावी. विजयाचे पंचाऐंशी, बरोबरीचे नऊ, म्हणजे चौऱ्याण्णव. उरलेले दोन गुण त्या दोन पराभवांतून आलेले आहेत. इतक्या बलाढ्य संघाच्या बेरजेतही हरल्याचे गुण मिसळलेले होते. बाबांचे टायटन्स मात्र केवळ दोन विजयांनिशी शेवटच्या स्थानावर राहिले. तरीही बाबांनी त्यांची रांग त्याच सुबक अक्षरात पूर्ण केली.

उपांत्य सामन्यात पलटणने पाटणा पायरेट्सला ३७-२१ असे हरविले. अंतिम सामना १ मार्च २०२४ रोजी, आणि तोही बाबांच्या हैदराबादेत. उपवासकाळातला शुक्रवार होता. संध्याकाळी क्रूसाची वाट करून आम्ही घरी आलो, साधे जेवण केले आणि संचासमोर बसलो. हरियाणा स्टीलर्सने सहजासहजी काही दिले नाही. पंकज मोहितेच्या एका चढाईत चार गुण मिळाले आणि पारडे झुकले, शेवटी २८-२५. पलटणचे हे पहिले विजेतेपद. पहिल्या दोन हंगामांत हाच संघ तळाला होता, आणि डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईत जयपूर पिंक पँथर्सकडून अंतिम सामना ३३-२९ असा हरला होता. पुतण्याला ही बातमी दोन दिवसांनी, रविवारी कळली. तो फोनवर इतका मोठ्याने ओरडला की बाबांनी रिसीव्हर कानापासून दूर धरला.

वाचकहो, येथे मी पुतण्यालाही विजेतेपद मिळाले असे सांगू शकलो असतो तर लेख गोड झाला असता. तसे झाले नाही. ५ मे २०२४ रोजी त्याने परीक्षा दिली. ४ जूनला निकाल लागला, त्या वर्षीच्या परीक्षेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २६ जुलैला सुधारित निकाल आला. त्याचे गुण आदल्या वर्षीपेक्षा बरेच वाढले होते, पण एम.बी.बी.एस.च्या प्रवेशाला थोडे कमी पडले. त्याने फिजिओथेरपीला प्रवेश घेतला. अकराव्या हंगामात अस्लम इनामदारला दुखापतीमुळे मध्येच बाहेर बसावे लागले आणि पलटण बाद फेरीपर्यंतही पोहोचली नाही, तेव्हा सुटीत घरी आलेल्या या मुलाने बाबांना स्वतःच्या गुडघ्यावर बोट ठेवून सांध्यातले बंध समजावून सांगितले. आम्ही सारे ऐकत राहिलो. वजाबाकीच्या परीक्षेतून हा मुलगा वजा न होता बाहेर आला, याचे समाधान कोणत्या तक्त्यात मांडावे?

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०२५ च्या बाराव्या हंगामापासून लीगने आपले गणित बदलले. विजयाला दोन गुण, पराभवाला शून्य. बरोबरीचाही निकाल जादा चढायांनी लावायचा. प्रेक्षकांना तक्ता सहज समजावा म्हणून हे केले असावे, आणि त्यात गैर काही नाही. पण आमच्या घरात थोडी हळहळ झाली. जगाचा ओघच असा आहे, की थोडक्यात हुकलेल्याला काही देण्याची सोय हळूहळू नाहीशी होते. भिंतीवरच्या याद्या वाढतात, रकाने कमी होतात. तेव्हा जो रकाना बाहेरच्या जगाने पुसला, तो घराने राखून ठेवायचा असतो. आपल्या धर्मग्रामातल्या कितीतरी घरांत आज एखादे मूल कोणत्या ना कोणत्या यादीत आपले नाव शोधत असेल. त्या यादीत जे नोंदले जात नाही, ते नोंदणारी एक वही त्याच्या घरी असावी.

त्या हंगामात पलटण पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचली. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत दबंग दिल्लीने तिला ३१-२८ असे हरविले. अंतिम सामन्याला तक्त्यात गुण नसतात, हे बाबांना ठाऊक आहे. नवा नियमही ठाऊक आहे. तरीही त्या रात्री त्यांनी चष्मा लावला, पेन्सिलीला टोक केले आणि पलटणच्या नावापुढे, तीन गुणांनी झालेल्या त्या पराभवाचा, एक गुण लिहिला.