वाशांसकट घर

‘घर फिरलं की घराचे वासेही फिरतात’ ही म्हण आपल्याकडे दुःखानं उच्चारतात. अमेरिकेत तिची जाहिरात करतात. तिथं वासे, खिडक्या, शेगडी, पलंग आणि संडास यांच्यासकट अख्खं घर फिरतं आणि त्याला ‘आर.व्ही.’ म्हणतात. लोक ते सुट्टीपुरतं वापरतात. माझ्या पुतण्यानं मात्र ठरवलं, की राहतं घर भाड्यानं द्यायचं आणि दोन वर्षं बायको-मुलांसह चाकांवर राहायचं. नोकऱ्या सोडायच्या नाहीत. दोघंही संगणकावर काम करणारी, तेव्हा कचेरी मांडीवर मावते. प्रश्न उरला घर निवडायचा. आम्ही उभयता तेव्हा शिकागोजवळ त्याच्याकडे मुक्कामाला होतो. गिरगावातल्या दोन खोल्यांत नऊ माणसांत वाढलेला म्हणून, लहान जागेतला तज्ज्ञ या नात्यानं मला निवड समितीत घेण्यात आलं. सौ. निमंत्रणाशिवाय आली.

पैठणीला जसं येवलं, तसं या घरांना इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट. बहुतेक घरं त्याच परिसरात तयार होतात. आम्ही पाच शनिवार घरं बघितली. अगदी मुलगी बघायला गेल्यासारखी. फक्त पोह्यांऐवजी कागदी पेल्यात कॉफी.

यांच्यातही पोटजाती आहेत. ‘ए’ वर्ग म्हणजे एस.टी.एवढी बस. ‘बी’ म्हणजे व्हॅन. ‘सी’ म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा असलेली गाडी. आकारानं ए मोठी, बी सर्वांत लहान आणि सी मधली! ही बाराखडी लावणाऱ्याला पहिलीतून दुसरीत कोणी घातलं कोण जाणे. या तिघींना स्वतःचं इंजिन असतं. म्हणजे इंजिन बिघडलं, की घर गॅरेजात आणि घरमालक रस्त्यावर.

दुसरी शाखा ओढून न्यायच्या घरांची. मुक्कामाला पोचलं की ट्रक सोडवायचा आणि त्यातून भाजीला जायचं. घर जागच्या जागी. चालत्या ट्रेलरमध्ये बसायला मात्र बहुतेक राज्यांत मनाई आहे. ट्रेलर ट्रकच्या मागं आकड्याला लावतात, आणि ‘फिफ्थ व्हील’ नावाचं त्याचं मोठं भावंड ट्रकच्या हौद्यात टेकवतात. सौ.नं त्याची चाकं मोजली. चार भरली. पाचवं शोधत ती गाडीखाली वाकली, तेव्हा विक्रेता घाबरला. पाचवं चाक म्हणजे ट्रकच्या हौद्यातली जोडणीची आडवी तबकडी. नाव घोडागाडीच्या काळापासून चालत आलेलं.

“तुमचा ट्रक हे सहज ओढेल,” विक्रेता म्हणाला. ओढेल हो, पण पेलेल का? फिफ्थ व्हील आपल्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा ट्रकच्या पाठीवर टाकतं. ट्रक किती ओझं पेलतो ते त्याच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं, आणि त्यात माणसंही मोजायची असतात. शिवाय घरातल्या सामानालाही मर्यादा. पन्नास गॅलन पाणी भरलं, की सुमारे १९० किलो तिथंच गेले. सौ.नं यादी केली होती : दोन कुकर, मिक्सर, पोळपाट आणि लोखंडी खलबत्ता. पुतण्यानं खलबत्ता वजनकाट्यावर ठेवला आणि काकूकडे न बघता म्हणाला, “काकू, वेलदोड्याची पूड विकत मिळते.”

पाण्याच्या टाक्या तीन. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी करडी, अंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची, तिसरी काळी. काळीत काय असतं ते सांगायला नको. ती भरली की कुटुंबप्रमुखानं हातमोजे घालून, जाड नळी लावून ठरलेल्या जागी रिकामी करायची. आमच्या आजीनं घरात संडास आणायला जन्मभर विरोध केला. तिच्या पणतवानं तो बरोबर घेऊन हिंडायचं ठरवलं.

आता कामाचं. दोन मोबाइल कंपन्यांची जोडणी असली तरी रानात दोन्ही मौनव्रत धरतात. २०२२ पासून स्टारलिंकचं उपग्रहावरचं इंटरनेट अशा फिरत्या घरांनाही मिळू लागलं. पण त्या तबकडीला मोकळं आकाश लागतं, आणि माणसाला झाडाची सावली. गारवा हवा की पगार, हे रोज सकाळी ठरवायचं. विजेचंही तसंच. तीस अँपिअरच्या जोडणीवर एअर कंडिशनर चालू असताना कोणी मायक्रोवेव्ह लावला, की दोन्ही बंद. पन्नासची असलेली बरी.

सर्वांत गंमत भिंतींची. बटण दाबलं, की कपाटाच्या खणासारख्या त्या बाहेर सरकतात आणि दिवाणखाना ऐसपैस होतो. मी त्या मिटायला लावायचो. मिटल्यावर फ्रिजपर्यंत आणि संडासापर्यंत वाट राहते का? अर्ध्या घरांत राहत नव्हती. घर पेट्रोल पंपावर उभं असताना पोराला घाई झाली, तर भिंती उलगडणार कुठं?

विक्रेते आम्हांला विजेची खोटी शेकोटी दाखवायचे. मी विचारायचो, “रुसून बसायचं कुठं?” दुभाष्याचं काम करणारा पुतण्या हा प्रश्न गाळायचा. पण चाळीत आमचा संसार टिकला तो गॅलरीमुळे. भांडण झालं की एकजण गॅलरीत. चहाची वेळ झाली की आत.

सूनबाई चार शनिवार फारसं बोलली नव्हती. पाचव्या शनिवारी एक वापरलेलं फिफ्थ व्हील पाहिलं. मध्यभागी छोटी खोली, मुलांच्या बंकसाठी. मुलं पुढं पलंगावर उड्या मारत होती, पुतण्या वजनं लिहीत होता. ती त्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. विक्रेता कुलूप तपासायला निघाला, सौ.नं त्याला दंडाला धरून थांबवलं. बाहेर आली तेव्हा सूनबाईचे डोळे किंचित लाल होते. “२०२० पासून माझी कचेरी घरातच आहे, काकू,” ती म्हणाली. “इतकी शांतता कधी मिळालीच नाही. मुलं बंकवर नकोत, पुढच्या सोफ्यावर झोपतील. ही खोली कामाची.” पुतण्यानं वही मिटली.

हमीपत्र मी बँकेच्या सवयीनं शेवटपर्यंत वाचलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, की हे वाहन कायम राहण्यासाठी नाही. असं अनेक कंपन्या लिहितात म्हणे. घर विकायचं आणि त्यात राहू नका म्हणायचं, हे मुंबईच्या बिल्डरलाही सुचलेलं नाही.

आता ती चौघं हिंडताहेत. त्यांचा पत्ता टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टनचा. तिथं अशा भटक्यांचं टपाल सांभाळून पुढं धाडणारी संस्था आहे. गावात नाव अनेकांचं, बिऱ्हाड कोणाचंच नाही. दिवाळीचा फराळ आधी तिथं जाईल, मग ती असतील तिथं. सौ.नं नकाशा पाहिला, थोडा विचार केला आणि चकल्यांचा डबा बाजूला ठेवला. “शंकरपाळे पाठवू,” ती म्हणाली. “प्रवासाला टिकतात.”