सक्ती कोणावर?

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें जातांना मोशी मागें पडते, इंद्रायणीचा पूल ओलांडला जातो आणि चाकण येण्यापूर्वींच कुरुळी लागते. गांव जुनें, भोवतालचें जग मात्र अगदीं नवें. मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने, आणि त्यांच्या आधारानें उभ्या राहिलेल्या भाड्याच्या खोल्यांच्या रांगा. ह्या खोल्यांतून मराठवाड्यांतला, विदर्भांतला, उत्तर हिंदुस्थानांतला माणूस बायकामुलांसह येऊन राहतो, आणि काम संपलें कीं बिऱ्हाड उचलतो.

अशाच एका रांगेसमोर आम्हीं बालहक्कांचा सरकारी फलक पाहिला. पाठीवर दप्तर घेतलेलीं दोन हसरीं मुलें, शिक्षण हा प्रत्येक बालकाचा हक्क आहे अशा अर्थाचें एक वाक्य, आणि खालीं संकटांतल्या मुलांसाठीं १०९८ हा दूरध्वनीचा आंकडा. फलकाखालीं आठनऊ वर्षांचा एक मुलगा धाकट्या बहिणीस कडेवर घेऊन उभा होता. शाळेच्या वेळीं हा येथें कसा, असें त्याच्या आईस विचारतां ती म्हणाली, "दाखला गावाकडं राहिला. आणायला जायचं म्हणजे चार रोज खाडा पडतो." शाळेंत जाऊन विचारलेंत काय, असें आम्हीं पुसलें. "दाखल्याबिगर काय विचारायचं?"

शिक्षण हा मुलांचा हक्क, हें ह्या बाईस मान्य होतें. तिला ठाऊक नव्हतें तें कलम. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास वयाचा पुरावा नाहीं म्हणून प्रवेश नाकारतां येत नाहीं. जुन्या शाळेचा दाखला यावयास उशीर झाला, ही सबबही चालत नाहीं. आणि शाळेचें तोंडही न पाहिलेल्या मुलास त्याच्या वयास साजेल अशा वर्गांत बसवून राहिलेलें शिकवावें, असें त्यांत स्पष्ट आहे. दप्तराच्या चित्रास फलकावर जागा मिळाली. ह्या तीन ओळींस मिळाली नाहीं. आम्हां पांढरपेशांच्या घरांतून प्रवेशाच्या नियमांची बित्तंबातमी असते, तिच्यासाठीं कोणास फलक लावावा लागत नाहीं!

आम्हांस वाटतें, घोळ 'सक्ती' ह्या शब्दाशीं आहे. नामदार गोखल्यांनीं १९११ सालीं प्राथमिक शिक्षणाचें बिल कायदेमंडळापुढें आणलें; तें पुढल्या वर्षीं फेटाळलें गेलें. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, तेव्हां मूल न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. सक्ती म्हटली कीं ती आईबापांवर, हा अर्थ तेव्हांपासून आमच्या कानांत बसला आहे. २००९ च्या कायद्यानें तो फिरविला. त्याच्या व्याख्येप्रमाणें सक्तीचें शिक्षण म्हणजे तें मोफत पुरविण्याचें, आणि मुलाचा प्रवेश, त्याची हजेरी व त्याचें शिक्षण पुरें होणें ह्यांची निश्चिती करण्याचें सरकारावरील बंधन. पालकाचें कर्तव्य सांगितलें आहे, पण त्यास दंड नाहीं. हक्क म्हणजे कोणाचें तरी येणें, आणि म्हणूनच दुसऱ्या कोणाचें तरी देणें. वहींत येणें लिहावें आणि देणेकऱ्याचें नांव गाळावें, अशी ह्या फलकाची गत आहे. तो वाचून त्या बाईस वाटतें, चुकत आहोंत तें आपणच.

फलक लावणाऱ्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. २० नोव्हेंबर १९८९ रोजीं संयुक्त राष्ट्रांनीं स्वीकारलेल्या बालहक्कांच्या करारास हिंदुस्थानानें ११ डिसेंबर १९९२ रोजीं संमति दिली. त्याच्या ४२ व्या कलमानें हीं तत्त्वें प्रौढांस व बालकांस सारखींच कळविण्याचें वचन सरकारानें दिलेलें आहे. शिवाय १०९८ हा आंकडा, जो १९९६ सालीं मुंबईंत सुरू झालेल्या सेवेचा, फलकावर सर्वांत मोलाचा. कारण काय करावें हें तेवढाच सांगतो.

दाखल्याची गोष्ट त्या आंकड्याइतक्याच ठळक अक्षरांत हवी. 'दाखला नाहीं? तरी मूल शाळेंत घेऊन या', एवढें पुरे. तें खोलीभाडें वसूल होतें तेथें, मुकादम मजूर गोळा करतो तेथें, आणि किराण्याच्या दुकानाच्या दारावर लावावें. आणि मराठीखालीं हिंदींतही लिहावें. त्या रांगेंतलीं कित्येक बिऱ्हाडें मराठी वाचीत नाहींत.