यावर आईची सीडी वाजेल का?

मला सीडी प्लेअर घ्यायचाय असं ऑफिसात सांगितलं, तेव्हा शेजारच्या डेस्कवरचा मुलगा म्हणाला, "अजून मिळतो?" तो बावीस वर्षांचा आहे. त्याच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. माझ्याही नाही. गेली दहा वर्षं मीसुद्धा सगळं फोनवरच ऐकतो. जुन्या वस्तूंचं वेड वगैरे मला नाही. मला प्लेअर हवा होता तो फक्त एका सीडीसाठी.

ती सीडी आईची आहे. 2004 सालच्या गणेशोत्सवात वाईला आमच्या आळीतल्या मंडळाने सुगम संगीताचा कार्यक्रम ठेवला होता. त्यात आई सात गाणी गायली. साउंडवाल्या दादाने ते रेकॉर्ड केलं आणि आठवड्याने घरी सीडी आणून दिली. वर बॉलपेनने दाबून आईचं नाव आणि तारीख लिहिली होती. त्या बॉलपेनाबद्दल पुढे सांगतो.

2009 मध्ये आईचं थायरॉईडचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नसा या ग्रंथीला अगदी लागून असतात. आवाजावर परिणाम होऊ शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ऑपरेशन नीट झालं. बोलताना काहीच कळत नाही. पण वरचे सूर गेले. मध्य सप्तकातल्या पंचमाच्या वर गेलं की आवाज फाटतो. आईने गाणं सोडलं. त्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. पेटी माळ्यावर गेली, एवढंच.

मागच्या दिवाळीत साफसफाई करताना ती सीडी सापडली. घरातल्या जुन्या डीव्हीडी प्लेअरवर लावली. पहिली तीन गाणी नीट वाजली, चौथ्यात खटखट सुरू झाली आणि सगळं थांबलं. पुण्यात आल्यावर मित्राचा यूएसबी ड्राइव्ह आणून लॅपटॉपला जोडला. तो तासभर गरगरत राहिला आणि शेवटी जी फाइल मिळाली, तिच्यात गाण्यापेक्षा कडकडाटच जास्त होता. मला हवं होतं ते सहावं गाणं. मी तेव्हा पाचवीत होतो, पण मला पक्कं आठवतं : त्या गाण्यात आईने तार षड्ज लावला, धरून ठेवला आणि अख्ख्या मांडवाने टाळ्या वाजवल्या.

चांगल्या प्लेअरवर खराब डिस्कही निघते, असं कोणीतरी सांगितलं. नवा, नावाजलेला प्लेअर माझ्या खिशाला झेपणारा नव्हता. 15 हजारांच्या आत जुना मिळतो का, ते बघायचं ठरवलं. आणि घ्यायच्या आधी, ज्यांच्याकडे असे प्लेअर आहेत त्यांना विचारायचं.

पहिले भेटले कोथरूडचे एक काका. बँकेतून रिटायर झालेले. भिंतभर सीडी, सगळं शास्त्रीय. त्यांनी मला सोफ्याच्या बरोबर मधोमध बसवलं. थोडा सरकलो तर म्हणाले, "तिथे नाही, इथे." मग एक ख्याल लावला. "उब बघा आवाजात. तंबोरा कसा भरून येतोय!" खरंच छान वाटत होतं. मी विचारलं, "काका, हा खराब झालेल्या सीडी वाजवतो का?" काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "माझ्याकडे खराब सीडी नसतात."

दुसरा माझ्याच वयाचा, वाकडला राहणारा इंजिनिअर. गंमत म्हणजे त्याच्याकडे तोच प्लेअर होता, अगदी त्याच मॉडेलचा. पण त्याचं मत उलटं. "उब वगैरे काही नाही. हा कोरडा आहे. स्वच्छ, पण कोरडा." मला वाटलं, दोघांपैकी एकाला ऐकू कमी येत असणार. मग मी त्याच्या हॉलकडे पाहिलं. खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला पूर्ण काच, पडदे नाहीतच. काकांकडे जाड सतरंजी होती, पुस्तकांची कपाटं होती, कापडी सोफा होता. उघड्या फरशीवरून आणि काचेवरून आवाज परत उसळतो, कापडात आणि पुस्तकांत तो जिरतो. दोघंही प्लेअरबद्दल बोलत होते आणि दोघंही खरं तर आपापल्या खोलीचं वर्णन करत होते.

या इंजिनिअरने मला एक प्रयोग दाखवायचं ठरवलं. तीस हजारांचा प्लेअर आणि दीड हजारांचा डीव्हीडी प्लेअर, दोन्ही एकाच अ‍ॅम्प्लिफायरला जोडले. एकाचा आवाज जरासुद्धा मोठा असला तर कानाला तोच चांगला वाटतो, म्हणून त्याने आधी दोन्हींचे आवाज मोजून सारखे केले. मग त्याची बायको पाठीमागे उभी राहून बटण बदलणार आणि आम्ही ओळखणार. दहा वेळा केलं. त्याचे सहा बरोबर, माझे पाच. नाणं उडवलं असतं तरी साधारण एवढंच आलं असतं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आज लक्ष लागलं नाही रे."

त्याला वाईट वाटायचं काही कारण नव्हतं. सीडीत आवाज आकड्यांच्या रूपात असतो. दर सेकंदाला 44,100 वेळा आवाजाची उंची मोजायची आणि प्रत्येक मोजमाप 16 बिटांत लिहायचं, डाव्या कानासाठी वेगळं आणि उजव्यासाठी वेगळं. हे गणित फिलिप्स आणि सोनी यांनी 1980 साली ठरवलं. पहिला प्लेअर 1 ऑक्टोबर 1982 ला जपानमध्ये विक्रीला आला. तेव्हा या आकड्यांचा पुन्हा आवाज करणं अवघड आणि महाग होतं. आज ते काम करणारी बरीशी चिप अगदी स्वस्तात मिळते. म्हणून डिस्क धडधाकट असेल, तर दोन बऱ्या प्लेअरमधला फरक बारीक असतो. स्पीकर आणि खोली यांचा फरक त्याच्यापेक्षा खूप मोठा.

माझी डिस्क धडधाकट नव्हती. आणि त्याबद्दल कोणाकडेच मत नव्हतं.

तिसऱ्या भेटल्या सदाशिव पेठेतल्या एक गाणं शिकवणाऱ्या ताई. त्यांचा प्लेअर रोज चार तास चालतो. त्यांना उब आणि कोरडेपणा यांत काही रस नव्हता. त्या म्हणाल्या, "रिमोटवर ए-बी बटण असलेला बघ. दोन जागा ठरवल्या की मधला तुकडाच पुन्हा पुन्हा वाजतो. मुलींना एक हरकत वीस वेळा ऐकवता येते. आणि ट्रे अडकायला लागला तर घाबरू नकोस. आत रबराचा पट्टा असतो, तो ढिला होतो. बदलला की झालं." मग चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं, "पण तुला वाजवायचंय काय?"

महिनाभरात हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारला होता. मी सांगितलं.

त्यांनी काही न बोलता कपाटातून एक सीडी काढली. चरे पडलेली, एका कडेला धुरकट. "ही माझ्याकडची सगळ्यात वाईट सीडी. घेऊन जा. दुकानात आधी ही लाव. हिला जो झेपेल तो प्लेअर घे. नाव बघू नकोस." निघताना सीडी पुसायचीही पद्धत दाखवली : मऊ कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल गोल नाही. सीडीवरची माहिती गोल फिरत जाणाऱ्या रेषेत असते. गोल पुसताना चरा पडला तर तो त्या रेषेच्या अंगानेच जातो आणि सलग बराच भाग खातो. आडवा चरा रेषेला एकेका ठिकाणी फक्त ओलांडतो.

तेवढं ओलांडलेलं प्लेअर भरून काढतो. हे मला पुढे वाचल्यावर कळलं. सीडीवर गाणं सलग लिहिलेलं नसतं. आकडे विस्कटून लांब लांब ठेवलेले असतात आणि सोबत ताळा करायचे जास्तीचे आकडे असतात. त्यामुळे रेषेचा साधारण अडीच मिलिमीटर तुकडा गेला तरी प्लेअर हिशोब करून तो जसाच्या तसा परत मिळवतो. त्याहून जास्त गेलं, तर आजूबाजूचे आकडे बघून मधला अंदाजाने भरतो. तेही जमलं नाही, तर क्षणभर गप्प बसतो. पण हे सगळं केव्हा, तर लेझर त्या रेषेवर टिकून राहिला तर. थकलेला लेझर रेषाच सोडतो.

आता बॉलपेन. सीडीच्या खालच्या बाजूला मिलिमीटरभर जाडीचं प्लॅस्टिक असतं. वरच्या, नाव लिहायच्या बाजूला मात्र चकचकीत थरावर लॅकरचा फक्त पातळ पापुद्रा. खरी नाजूक बाजू वरची. घरी बर्न केलेल्या सीडीत त्या थराखाली रंगाचा थर असतो, त्यातच गाणं लिहिलं जातं आणि तो उन्हाने, उष्णतेने बिघडतो. शिवाय सीडी आतून बाहेर वाजत जाते. आईचं नाव साउंडवाल्या दादाने कौतुकाने मोठ्या अक्षरांत, बाहेरच्या बाजूला लिहिलं होतं. चौथ्या गाण्यापासून पुढचं सगळं नेमकं त्या नावाखाली होतं.

बुधवार पेठेत जुन्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एका दुकानात तीन प्लेअर होते. ताईंची सीडी पहिल्याने बाहेर फेकली. दुसरा अर्ध्यात अडकला. तिसरा, रंग उडालेला, रिमोट हरवलेला, सुरुवातीला अडखळला आणि मग शेवटपर्यंत वाजला. दुकानदार म्हणाला, "याचा लेझर बदललाय साहेब." साडेनऊ हजार. ए-बी बटण रिमोटवरच असणार, ते गेलं. घेतला.

स्वारगेटवरून एसटीने तो मांडीवर घेऊन, चादरीत गुंडाळून वाईला नेला. आईचा पहिला प्रश्न : "किती घातलेस?" मी साडेतीन हजार सांगितले. तेही तिला जास्तच वाटले.

बाबांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. सीडी पुसली, मधून कडेकडे. आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी राहिली. येऊन बसली नाही. तीन गाणी झाली. चौथ्यात दोनदा टक् झालं आणि गाणं पुढे गेलं. पाचव्यात एका ओळीतला एक शब्द गायब. मग सहावं सुरू झालं.

वीस वर्षांनी मी तो तार षड्ज ऐकला. मांडवाने टाळ्या वाजवल्या नव्हत्या. सूर चालू असतानाच पाठीमागे कोणीतरी माईकवरून सांगत होतं की प्रसादाच्या स्टॉलसमोरची स्कूटर काढा. टाळ्या गाणं संपल्यावर आल्या, बेताच्या. मी आईकडे बघितलं नाही.

"परत लाव," आई म्हणाली.

परत लावलं. या वेळी ती येऊन खुर्चीत बसली.

"उतरलाय," ती म्हणाली.

"काय?"

"षड्ज. किंचित खाली आहे. ऐक ना, पेटी कुठे आहे आणि मी कुठे आहे." तिने बोट वर धरून हवेत दोन जागा दाखवल्या. त्यांच्यात अंतर करंगळीएवढं. मला काहीच कळलं नाही. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा थोडंसं कळलं. किंवा तिने सांगितलं म्हणून कळल्यासारखं वाटलं.

"पंधरा वर्षं मी समजत होते की हा लागला होता," ती म्हणाली. थोडा वेळ तशीच बसली. तिला बरं वाटलं की वाईट, हे मी तेव्हा विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. मग म्हणाली, "तबलजीने लय पण वाढवलीये बघ," आणि भाकऱ्या करायला उठली.

रात्री प्लेअरमधून वायर काढून मी सगळी गाणी रेकॉर्डरवर उतरवून घेतली, टक् टक् आणि स्कूटरसकट. फॅमिली ग्रुपवर टाकू का विचारलं. आईने सगळी पुन्हा एकदा ऐकली आणि निकाल दिला : "दुसरं टाक. ते बरं झालंय. बाकीची राहू देत तुझ्याकडे." सहाव्याबद्दल वेगळं काही बोलली नाही.

प्लेअर वाईलाच ठेवला. आईने त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातलाय. गरम होतं, वर काही घालू नको, असं सांगितलं, तर रुमालाला भोकंच आहेत म्हणाली. परवा फोनवर विचारत होती, गाण्यातला मधलाच तुकडा परत परत ऐकायचा असेल तर काय करायचं. मी आता ए-बी बटणवाला रिमोट शोधतोय.

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या त्या मुलाने विचारलं, त्याच्या आजोबांना सीडी प्लेअर द्यायचाय, माझा अनुभव काय? मी म्हटलं, "आजोबांना वाजवायचंय काय, ते आधी विचार. त्यांच्याकडची सगळ्यात खराब सीडी घेऊन दुकानात जा."

"ते ठीक आहे, पण आवाज कसा आहे?"

"चांगला आहे," मी म्हटलं. "आईचा तार षड्ज किंचित उतरलाय. तो उतरलेलाच ऐकू येतो."